तीन घोड्यांची मापं

२९ जुलै, मंगळवार
अम्मांची साखर उपाशीपोटी १६८.

सासूबाईंची साखर रोज लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून बियाण्यांच्या दुकानातून जानेवारीत मिळालेली ही डायरी काढली. सात महिने कोरी पडून होती. पण एका आकड्यासाठी अख्खं पान घालवायचं माझ्या जिवावर येतं. कापडाचा तुकडा टाकवत नाही तशातली गत. म्हणून खाली थोडं लिहिते.

आज वरातीला घोड्या देणाऱ्या शेषेरावमामांचा फोन आला. "अफसाना, घोड्यांच्या झुली शिवायच्यात. उद्या येऊन मापं घेऊन जा."

मी म्हटलं, "मामा, आता श्रावण चाललाय. लग्नं तुळशीनंतर. एवढी काय घाई?"

"तू ये तर खरं. अन् मागची मापं लिहिलेली वही हाय ना तुझ्यापाशी? ती बी आण."

वरातीच्या घोडीवर टाकायची मखमली झूल शिवणारी आमच्या लोहा गावात मी एकटीच. आधी सासरे शिवायचे. ते गेल्यावर 'बाईमाणूस काय झुली शिवणार' म्हणून सगळी गिऱ्हाइकं फिरली. फक्त मामा आले, तिन्ही घोड्यांचं काम घेऊन. अकरा वर्षं झाली. माझा नवरा रियाजही त्यांच्याच वरातींपुढे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. आमचं घर त्या घोड्यांच्या मागे मागेच चाललंय म्हणा ना.

३० जुलै
साखर १७४. (काल अम्मांनी गुपचूप पेढा खाल्ला. कागद उशीखाली सापडला.)

आज जे पाहिलं ते लिहावं की नाही, हेच कळत नाही.

घोड्या आता घरामागे नसतात. गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीच्या आवारात बांधल्यात. दोन वर्षांपूर्वी मामी गेल्या, चतुराबाई. घोड्यांचं सगळं त्याच करायच्या. त्यानंतर धंदा मुलाने, शिवशंकरने, हातात घेतला. त्याने नवरदेवासाठी उघडी मोटार आणली, चारी बाजूंनी रंगीत दिव्यांची. मामा हिवाळ्यात पडले, खुब्यात सळई आहे. काठी टेकत फाटकापाशी दगडावर बसले होते.

"जा आत. मला बादली बी उचलत न्हाई आता," म्हणाले.

आत घोटाभर चिखल, त्यात लीद मिसळलेली. कोरडी जागा हातभरसुद्धा नाही. चांदणी पांढरीशुभ्र होती, आता जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची झालीय. मैनेचे खूर वाढून पुढून वर वळलेत, जुन्या मोजडीसारखे. बिजली सगळ्यात म्हातारी, तिच्या पाठीवर पट्ट्याची जखम, त्यावर माशा. मला पाहून तिघींपैकी एकीनेही मान वळवली नाही. याच चांदणीने एकदा माझी ओढणी ओढून खाल्ली होती.

टेप टाकली. चांदणीच्या पाठीची लांबी तीच. छातीचा घेर छप्पन्न इंच. मला वाटलं टेप पिळली गेली. पुन्हा टाकली. छप्पन्न. तीन वर्षांपूर्वी चौसष्ट होता.

मामा बाहेरून ओरडले, "लिहिलंस का?"

"लिहिलं."

"तारीख घाल. मागच्याच्या खालीच लिही, म्हंजे एका पानावर दिसंल."

दोनदा विचारलं त्यांनी तारखेचं. म्हातारपणी माणूस एकच गोष्ट धरून बसतो. कापड कोणतं, जर कोणती, हे मात्र विचारायचं त्यांनाही सुचलं नाही अन् मलाही.

२ ऑगस्ट
मखमल टेबलावर पसरून बसले आणि कात्री उचलेना. छप्पन्नच्या मापाने झूल शिवायची म्हणजे घोडी अशीच राहणार हे कबूल करायचं. चौसष्टच्या मापाने शिवली तर तिच्या अंगावर ती गोधडीसारखी लोंबणार.

रियाजला सगळं सांगितलं. तो क्लॅरिनेट पुसत होता. म्हणाला, "शिवशंकरला सांग."

"तो रोज तिथूनच जातो. त्याला डोळे नाहीत का?"

"मग आणखी कोणाला सांगणार?"

"अशा जनावरांसाठी संस्था असतात ना."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. "बँडच्या ऑर्डरी शिवशंकर देतो. अन् आपण तक्रार केली, उद्या तिला कोणी भलताच रंग दिला तर? आपण कोण, ते कोण. डोकं चालव जरा."

त्याचं चुकत नाही. मला स्वतःचीच लाज वाटते. ज्या माणसाने मला उभं केलं, त्याच्याच पाठीमागे कागाळ्या करायच्या?

अम्मा आतून म्हणाल्या, "घोडीको मालूम क्या, कौन कौन है?" रियाजने फडकं पुन्हा उचललं.

५ ऑगस्ट
साखर १५९.

पहिला फोन केला, पुण्याला. फोनवरची मुलगी गोड बोलली. फोटो पाठवा, जागा नकाशावर पाठवा, व्हिडिओ पाठवा. पाठवलं. दोन तासांनी उत्तर आलं : आपला जिल्हा आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही, आपल्या संवेदनशीलतेबद्दल आभार.

संवेदनशीलता घोडीला घालता येत नाही.

१२ ऑगस्ट
आठवड्याचा हिशोब असा. एका गोशाळेत फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले, "गायी असत्या तर गाडी आत्ता पाठवली असती, ताई." नांदेडच्या एका बाई भटक्या कुत्र्यांचं करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रडल्यासुद्धा, मग म्हणाल्या, "पण मी तिसऱ्या मजल्यावर राहते हो." मुंबईच्या संस्थेचा अर्ज इंग्रजीत होता. शब्द शोधत शोधत दुपारभर भरला, तेव्हा तक्रारीचा एक नंबर मिळाला. तो मी जपून लिहून ठेवलाय, पण त्याचं करायचं काय ते कुणी सांगितलं नाही. हैदराबादच्या माणसाशी आमच्या घरच्याच बोलीत बोलता आलं, त्यामुळे फार बरं वाटलं. वीस मिनिटं बोललो, त्याची आई पण शिवणकाम करायची. शेवटी तो म्हणाला, राज्य बदलतं, परवानगी लागेल, महिना तरी जाईल.

रोज सकाळी एक चक्कर मारून येते. फाटकाला आधी कुलूप असायचं, हल्ली नुसती कडी असते. कुलूप गंजलं असेल. मी बादलीने पाणी भरते, थोडं गवत टाकते. काल अर्धी पायली हरभरा नेला होता. चांदणीने हाताला चाटलं.

१९ ऑगस्ट
मामा आमच्या शिलाईच्या दुकानात आले. एवढ्या लांब, काठी टेकत. झुलींचं विचारायला आले असतील म्हणून मी मखमल टेबलाखाली सरकवली, कारण एक टाकाही घातलेला नव्हता. पण त्यांनी ती गोष्टच काढली नाही. चहा घेतला. अम्मांशी गुडघ्यांबद्दल बोलले. मग एकदम म्हणाले, "लातूरला बी हायत म्हणं जनावरांचे डॉक्टर लोक. पेपरात आलतं. घोड्याचं बी बघतात."

"हो का?" मी शक्य तितकी साधी राहून म्हटलं. आतून वाटलं, यांना काही संशय तर आला नाही?

"हाव. पेपर माझ्यापाशीच होता, बग." खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी कपाखाली ठेवला. जाताना तिथेच विसरून गेले. मी लगेच नंबर उतरवून घेतला. नशीब असतं एकेक.

२० ऑगस्ट
साखर १५१. अम्मा खूश.

लातूरला फोन लागला. डॉ. साक्षी नावाच्या बाई, आवाजावरून तिशीच्या आतल्या. फार घाईत होत्या. "ताई, हडकुळ्या घोड्याचे फोटो मला रोज येतात. काही म्हातारे असतात, काही आजारी, काही मुळातच तसे. मालक म्हणतो आधीपासून असाच आहे, अन् आम्ही हात हलवत परत येतो. हयगय आहे हे कशावरून?"

मी म्हटलं, "माझ्याकडे मापं आहेत."

"कसली मापं?"

"झुलीची. पाठीची लांबी अन् छातीचा घेर. तिन्ही घोड्यांची. अकरा वर्षांची."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. 

"लांबी तीच आहे?" त्यांनी विचारलं.

"लांबी तीच. घेर आठ इंच कमी."

"म्हणजे घोडी तीच हेही सिद्ध होतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "त्या पानांचे फोटो आत्ता पाठवा. खायला काय देताय?"

मी अभिमानाने हरभऱ्याचं सांगितलं, तर त्या ओरडल्याच. उपाशी घोड्याला एकदम हरभरा घातला तर पोटशूळ उठून मरतो म्हणे. आधी नुसतं गवत, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि स्वच्छ पाणी.  भलं करायला गेले अन् मारलंच असतं. तशीच भट्टीकडे पळाले. तिघी उभ्या होत्या. चांदणीच्या पोटाला कान लावून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. आत गुडगुड ऐकू आलं तेव्हा जिवात जीव आला.

२८ ऑगस्ट
पाच-सहा वेळा गवत नेणं एकटीला जमेना. आज रियाज न सांगता सायकल घेऊन आला, मागे ओल्या गवताचा भारा. "तुझ्यासाठी नाही," म्हणाला. "दुपारी काम नसतं, फिरणं होतं तेवढंच."

डॉ. साक्षींचा फोन. मालकाने स्वतः सही करून घोड्या दिल्या तर सगळ्यात सोपं. नाहीतर तक्रार, पंचनामा, तारखा. "मालक सही देईल का?"

मालक कागदोपत्री मामाच आहेत. पण शिवशंकर समोर असताना ते 'हूं' म्हणायलाही घाबरतात, हे मी पाहिलंय. मी म्हटलं, "बघते." काय बघणार होते, देव जाणे.

५ सप्टेंबर
ईदची बिर्याणी द्यायला मामांकडे गेले. शिवशंकर घरीच होता, मोटारीचे दिवे तपासत होता. वाईट वागला नाही. "घोड्यांचा जमाना गेला हो भाभी," म्हणाला. "पोरांना मोटार पायजे. हिवाळ्यात माळेगावच्या यात्रेत नेऊन तिन्ही विकून टाकतो." हिवाळ्यापर्यंत त्या राहतील का, हे विचारायचं होतं. नाही विचारलं. डबा देऊन निघाले, त्याबद्दल अजून स्वतःचा राग येतोय.

मामा फाटकापर्यंत सोडायला आले. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाले, "गुरुवारी शिवशंकर नांदेडला असतोय दिवसभर. सामान आणायला. दर गुरुवारी."

बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून निसटलं, आणि माझं काम झालं! घरी येताच लातूरला फोन केला. अकरा तारीख ठरली. मामांना काही कळता कामा नये. ऐन वेळी समजावून सांगू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

११ सप्टेंबर, गुरुवार
साखर घ्यायची राहिली.

गाडी अकराला आली. डॉ. साक्षी, दोन माणसं, घोड्यांसाठी मागे रबर अंथरलेला टेम्पो.  मामांना काय सांगायचं ते चार वेळा घोकलं होतं.

आणि मामा आधीच तिथे! दगडावर नाही, आत चिखलात उभे. एका हातात काठी, दुसऱ्यात खरारा. तिघींची तोंडं, मान, खांद्यापर्यंतचं अंग स्वच्छ घासलेलं, म्हणजे काठी न सोडता हात पोचेल तिथपर्यंतच. त्याच्या मागे तोच जुना चिखल. धोतर गुडघ्यापर्यंत भरलेलं.

डॉक्टरबाईंनी नमस्कार करून बोलायला सुरुवात केली, "काका, आम्ही लातूरहून..."

"उशीर केला, बाई," मामा म्हणाले.

मला वाटलं चिडले.  डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला. मी घोकलेलं सगळं विसरले. मामांनी चष्मा लावला नाही, वाचलं नाही, सही केली. मग सदऱ्याच्या खिशातून पिशवी काढली. त्यात तिन्ही घोड्यांचे खरेदीचे कागद, लसीच्या चिठ्ठ्या, सगळं. कसा योगायोग! नाहीतर घरून आणेपर्यंत तास गेला असता.

चांदणी अन् मैना चढल्या. बिजली फळीपाशी थांबली ती थांबलीच. तिघांनी ढकललं तरी हलेना. मामा हळूहळू तिच्या कानापाशी गेले आणि काहीतरी बोलले. मामी बोलायच्या तसं असावं. ती चढली.

टेम्पो वळला तेव्हा मामांनी काठी उचलून निरोप दिला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. माझ्या मनात एकच, मी या माणसाला फसवलं.

१३ सप्टेंबर
शिवशंकर दारात येऊन ओरडला. वडिलांना भुलवलं, त्यांची अक्कल गेलीय त्याचा फायदा घेतला. गल्ली गोळा झाली. मी शिलाई मशीनमागे बसून राहिले.

रियाज बाहेर गेला. त्याचा आवाज कधी चढत नाही, आजही चढला नाही. "घोड्या मामांच्या नावावर, सही मामांची. तुला विचारायचं असेल तर घरी जाऊन त्यांना विचार." मग थोडं थांबून म्हणाला, "तूच सांग शिवा, लहानपणी बिजलीच्या पाठीवर झोपायचास ना तू? तिची पाठ कधी बघितलीस एवढ्यात?"

शिवशंकर वळून चालू लागला. जाताना मात्र म्हणाला, "या सीझनला दुसरा क्लॅरिनेटवाला बघतो."

रियाज आत येऊन जेवायला बसला. "मीठ कमी आहे," म्हणाला. एवढंच.

१७ सप्टेंबर
बिजली काल दुपारी गेली. डॉ. साक्षींनी स्वतः फोन केला. जखमेतलं विष अंगात भिनलं होतं. "महिनाभर आधी मिळाली असती तर..." त्या म्हणाल्या.

महिनाभर आधी मी मुंबईचा नंबर उराशी धरून बसले होते.

मामांना सांगायला गेले. ते ओट्यावर होते. ऐकून म्हणाले, "कोरड्यात गेली ना?"

"हो. खाली भुसा होता, वर छप्पर."

"मग बरं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी फसवलेल्या माणसाने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तिथेच रडले. शिवशंकर आत पाठमोरा उभा होता. बाहेर आला नाही.

६ ऑक्टोबर
साखर १३८! अम्मा म्हणतात घोड्यांमुळे. त्यांच्या पेढ्यांवरचा पहारा मीही थोडा ढिला केलाय.

चांदणीचा घेर साठ. मैनेचे खूर तीनदा कापून झाले, आता सरळ चालते. डॉक्टरबाई दर सोमवारी माप पाठवतात आणि मी वहीत लिहिते, त्याच पानावर.

मुखेडचे शंकरप्पा दोन घोड्यांच्या झुलींची ऑर्डर घेऊन आले, माप तोंडीच सांगायला लागले. मी म्हटलं, "येऊन मोजणार. घेर भरला तरच शिवीन." ते हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"लई कडक झालीस गं," म्हणाले. "पंधरा दिवस दे मग. जरा खाऊ घालतो."

भीती वाटली होती की गिऱ्हाईक जाईल. उलट जाताना त्यांनीच सांगितलं, मुखेडच्या बँडला क्लॅरिनेट वाजवणारा हवाय.

२३ ऑक्टोबर
दिवाळी झाली. मामा काल डॉक्टरबाईंच्या संस्थेच्या अहमदपूरजवळच्या गोठ्यावर राहायला गेले, चांदणी-मैना आहेत तिथेच. डॉक्टरबाईंना घोडं जाणणारा माणूस हवा होता, हमाली करणारा नाही, नुसता बसून बघणारा आणि 'हिला दुखतंय' असं सांगणारा. तिथे एक खोली आहे.

घेऊन गेला शिवशंकर. त्या उघड्या मोटारीतून. दिवे चालू करून, भर दुपारी. मामा मागे नवरदेवासारखे बसलेले, मांडीवर ट्रंक, हातात काठी. सगळं लोहा गाव बघायला बाहेर आलं होतं. आमच्या दुकानापुढे गाडी जरा हळू झाली. शिवशंकर माझ्याकडे बघून नुसतं मानेने 'चलतो' म्हणाला. मीही मान हलवली.

९ नोव्हेंबर, रविवार
साखर १४१.

रियाजला मुखेडकडच्या तारखा मिळाल्यात, पहिलं लग्न पुढच्या आठवड्यात. त्याआधी एक दिवस मोकळा होता म्हणून आम्ही दोघं एसटीने अहमदपूरला उतरलो, तिथून रिक्षाने गोठ्यावर. रियाज डॉक्टरबाईंशी बोलत मागे राहिला. मी पुढे गेले. मनाशी पक्कं केलं होतं, आज मामांना सगळं सांगून टाकायचं. दोन महिने लपवलंय.

कुंपणाच्या आत गवत कापून कोरडं केलेलं, ऊन पसरलेलं. चांदणी लांब चरत होती, पांढरी, खरोखर पांढरी. मामा पालथ्या बादलीवर बसले होते. त्यांच्यापुढे मैना आडवी पडलेली, चारी पाय पसरून, मान जमिनीला टेकवून.  धावणार तेवढ्यात मामांनी हात वर केला.

"झोपलीय," ते कुजबुजले. "अशी झोपत न्हाई घोडी. भ्या असलं, खाली वल असली, तर हुबीच डुलक्या काढती. तुझी मामी गेल्यापासनं हिला आडवी पाह्यलीच न्हवती मी."

मी त्यांच्या शेजारी गवतावर बसले. मैनेची बरगडी वरखाली होत होती. ओठ स्वप्नात काहीतरी चघळत होते. एक माशी तिच्या कानावर बसली, मामांनी ती हळूच टोपीने उडवली.  मग मी धीर केला.

"मामा, एक सांगायचंय. तुम्हाला राग येईल. लातूरला फोन मीच केला होता. तुमच्या मागून. गुरुवारचं पण मीच..."

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हळू बोल," म्हणाले. "उठंल ती."